विश्वकोशातील नोंद की फार्मसीची जाहिरात?

सांप्रत आपल्या व्यवसायातील फार्मसीचालकांकडे आणि चिकित्सालय चालविणाऱ्या वैद्यांकडे एक निराळाच प्रस्ताव येऊ लागला आहे. ‘विकिपीडियावर आपल्या संस्थेचे पान तयार करून देतो, अमुक इतके शुल्क’ असा हा प्रस्ताव असतो. वृत्तपत्रातील जाहिरात एका दिवसात शिळी होते, हे पान मात्र कायम राहील, रुग्णाने संगणकावर वा मोबाईलवर आपले नाव शोधताच ते प्रथम दिसेल, आणि मुख्य म्हणजे ते जाहिरात वाटणारच नाही, असे सांगितले जाते. आमच्या सभासदांपैकी काहींनी या संदर्भात आम्हांस विचारणा केली आहे. अशी नोंद विश्वकोशात राहण्यास पात्र आहे की नाही हे तेथे कसे ठरते, कोण ठरविते आणि कोणत्या कसोटीवर ठरविते, याची माहिती व्यवसायबंधूंस असणे अगत्याचे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

विश्वकोश ही वस्तू मराठी वाचकास नवीन नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड सिद्ध केले. वाई येथून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली ‘मराठी विश्वकोशा’चा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. या दोन्ही कोशांत कोणता विषय घ्यावयाचा, तो कोणी लिहावयाचा आणि त्यास किती जागा द्यावयाची, हे संपादक मंडळ ठरवीत असे. एखाद्या औषधनिर्मात्याने वाईस पत्र पाठवून ‘आमच्या फार्मसीवर नोंद घ्यावी’ असे सुचविले असते तर त्याचे काय झाले असते, हे सांगावयास नको. जानेवारी २००१ मध्ये सुरू झालेल्या विकिपीडियात (मराठी आवृत्ती २००३ पासूनची) हा दरवाजा उघडा आहे. कोणीही लिहू शकतो, कोणीही दुरुस्त करू शकतो. परिणामी जी निवड पूर्वी लेखनाच्या अगोदर होत असे ती आता लेखनाच्या नंतर होते. मजकूर प्रथम दिसू लागतो आणि मागाहून त्याची परीक्षा होते. दरवाजा उघडा म्हणजे आत राहण्याची परवानगीही मिळाली, असा समज या उलट्या क्रमामुळे पसरला आहे आणि प्रस्ताव घेऊन येणाऱ्यांचा धंदा त्याच समजावर चालतो.

साध्य दोष आणि असाध्य दोष

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, पुढील मजकूर विश्वकोशात टाकण्यात आला : ‘गेली पंचवीस वर्षे रुग्णसेवेचा वसा अविरत जोपासणारी, हजारो दुर्धर रुग्णांना नवजीवन देणारी ही अग्रगण्य फार्मसी शास्त्रोक्त पद्धतीने, शंभर टक्के शुद्ध वनस्पतींपासून औषधे निर्माण करते. मधुमेह, संधिवात व मूळव्याध यांवरील तिची औषधे रामबाण ठरली आहेत. नामवंत कलावंत व लोकप्रतिनिधी येथील औषधांचा नियमित लाभ घेतात.’

परीक्षक हा मजकूर दोन निरनिराळ्या दृष्टींनी पाहतो आणि या दोन दृष्टींची गल्लत झाल्यामुळेच आपल्याकडे बहुतेक गैरसमज निर्माण होतात. पहिली दृष्टी भाषेची. ‘अविरत’, ‘अग्रगण्य’, ‘रामबाण’, ‘शंभर टक्के’ हे शब्द काढून टाकावे लागतात, हे उघड आहे. ते काढल्यावर उरते ते असे : ‘ही फार्मसी अमुक गावी आहे. ती अमुक वर्षी स्थापन झाली. ती आसवे, अरिष्टे, वटी व चूर्णे तयार करते.’ भाषेचा दोष हा साध्य दोष होय. चांगला संपादक अर्ध्या तासात तो दूर करतो आणि केवळ भाषा प्रचारकी आहे एवढ्याच कारणाने एखादी नोंद काढून टाकू नये, ती सुधारावी, असाच तेथील संकेत आहे. मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळाच मजकूर जाहिरातीचा असेल आणि मुळापासून पुन्हा लिहिल्यावाचून तो कोशात बसण्याजोगा नसेल, तर चर्चेविनाही तो तत्काळ काढता येतो.

दुसरी दृष्टी विषयाची. शुद्ध करून उरलेल्या त्या तीन वाक्यांचा विषय मुळात विश्वकोशात असावा काय? येथे विकिपीडियाची जी संज्ञा वापरली जाते ती ‘उल्लेखनीयता’. या शब्दावरून फार गोंधळ होतो. उल्लेखनीय म्हणजे चांगला, प्रामाणिक, यशस्वी वा उपयुक्त असा अर्थ येथे नाही. एखादा वैद्य अत्यंत निष्णात असेल, त्याचे निदान अचूक असेल, पंचक्रोशीतील लोक त्यास देव मानीत असतील, आणि तरीही तो या अर्थाने उल्लेखनीय नसेल. उलट एखाद्या फसवणुकीच्या प्रकरणावर सविस्तर लेखन झालेले असेल तर ते प्रकरण उल्लेखनीय ठरते. विषयाशी ज्यांचा काहीही हितसंबंध नाही अशा अनेकांनी, विश्वासार्ह ठिकाणी, त्या विषयावर तपशीलाने लिहून ठेवले आहे काय, एवढाच येथे प्रश्न असतो. असे लेखन नसेल तर कितीही सफाईदार भाषा वापरली, कितीही संपादने केली तरी ती नोंद टिकत नाही. हा असाध्य दोष होय आणि त्यावर लेखणीचा उपचार चालत नाही. पान तयार करून देणारे शुल्क घेतात ते भाषेच्या दोषावरील उपचाराचे, आणि बहुतेक प्रकरणांत रोग असतो दुसराच.

ही कसोटी आपल्या शास्त्रास परकी आहे असे आम्हांस वाटत नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने प्रथम शास्त्राचीच परीक्षा करावी असे सांगितले आहे. बाजारात वैद्यांची नाना शास्त्रे प्रचलित आहेत, त्यांपैकी यशस्वी व धीर पुरुषांनी ज्याचा अवलंब केला, आप्तजनांनी ज्यास मान दिला, असे शास्त्र निवडावे, असा त्या विवेचनाचा आशय आहे. ग्रंथाने स्वतःविषयी काय म्हटले यास तेथे किंमत नाही. इतर जाणत्यांनी त्यास कसे वागविले यास आहे.

कोणते कागद पुरावा होतात

फार्मसीचालकांस उल्लेखनीयतेचे पुरावे मागितले की जी फाईल समोर येते तिचे स्वरूप ठरलेले असते. तीत अन्न व औषध प्रशासनाचा नमुना २५-डी मधील परवाना असतो, जी.एम.पी. प्रमाणपत्र असते, पुरस्कार स्वीकारतानाची छायाचित्रे असतात, वृत्तपत्रांतील कात्रणे असतात, रुग्णांची आभारपत्रे असतात आणि स्वतःच्या संकेतस्थळाची मुद्रित पाने असतात. एकेक पाहू.

परवाना व जी.एम.पी. प्रमाणपत्र यांतून उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. आयुर्वेदीय औषधनिर्मितीसाठी अनुसूची ‘टी’ मधील निकष २००० साली लागू झाले आणि परवानाधारक निर्मात्यास ते पाळावेच लागतात. जे सर्वांस बंधनकारक आहे ते एखाद्याचे वैशिष्ट्य कसे होणार? आभारपत्रांचा विचारच होत नाही. स्वतःचे संकेतस्थळ, माहितीपत्रक, स्मरणिका यांतून स्थापनेचे वर्ष वा पत्ता यांसारखी निर्विवाद माहिती घेता येते; परंतु पात्रतेचा पुरावा म्हणून ते शून्य आहेत. कारण ते स्वतःविषयी स्वतः बोलणे आहे. संकेतस्थळावरील मजकूर जसाच्या तसा उतरवून टाकल्यास तर प्रताधिकाराचा भंग म्हणून तो वेगळ्याच नियमाने लगेच काढला जातो. मजकूर आपलाच असला तरी मुक्त परवान्याखाली तो दिल्याची नोंद नसेल तर हाच परिणाम होतो.

पुरस्कारांविषयी थोडे स्पष्टच लिहावे लागेल. ‘रत्न’, ‘भूषण’, ‘गौरव’ असे शब्द जोडलेले जे सन्मान सध्या नोंदणी शुल्क भरून मिळतात, त्यांची खरी किंमत आपणां सर्वांस ठाऊक आहे. ती परीक्षकांसही ठाऊक असते. पुरस्काराच्या संस्थेविषयी स्वतंत्र लेखन आहे काय, असे ते विचारतात आणि तेथेच विषय संपतो.

कात्रणांच्या बाबतीत मात्र अधिक बारकाईने पाहावे लागते. शाखेचे उद्घाटन, नवीन उत्पादनाची घोषणा, मोफत तपासणी शिबिर या बातम्या पात्रतेसाठी धरल्या जात नाहीत. त्यांत विषयाचे सविस्तर विवेचन नसते. संस्थापकाची मुलाखत ही त्याचेच शब्द असल्याने स्वतंत्र मानली जात नाही. प्रसिद्धिपत्रक दहा वृत्तपत्रांनी छापले तरी तो एकच स्रोत, तोही आपलाच. पुरवणीतील ‘प्रायोजित’ वा ‘जाहिरात-लेख’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले अर्धे पान तर पैसे देऊन घेतलेले असते. भारतीय वृत्तपत्रांच्या बाबतीत विकिपीडियाच्या इंग्रजी आवृत्तीत खास सावधगिरीची सूचना आहे. अन्यथा विश्वासार्ह असलेली वृत्तपत्रेही मोबदला घेतलेला मजकूर बातमीच्या वेषात देतात, हे तीत नमूद आहे. ही सूचना वाचून अपमान वाटून घेण्यापूर्वी आपल्याच प्रेस कौन्सिलने २०१० मध्ये ‘पेड न्यूज’ या विषयावर अहवाल सिद्ध केला होता, याचे स्मरण ठेवावे. संस्था व कंपन्या यांच्यासाठीचे निकष इंग्रजी आवृत्तीत २०१८ साली आणखी कडक करण्यात आले आणि केवळ स्थानिक वृत्तपत्रांतील उल्लेखांवर भागत नाही, निदान प्रादेशिक वा राष्ट्रीय पातळीवरील एक तरी स्रोत हवा, असे तेथे आहे.

येथे एक गोष्ट ओघानेच सांगितली पाहिजे. आमच्या याच त्रैमासिकात एखाद्या सभासदाचा परिचय छापून आला, तर तोही स्वतंत्र स्रोत ठरत नाही. संघटनेने आपल्या सभासदाविषयी लिहिलेले ते लेखन असते. परिचयाचे सदर आम्ही चालू ठेवणारच आहोत, पण ते या कामासाठी उपयोगी पडेल अशी अपेक्षा कोणी बाळगू नये.

राहता राहिले ते नामवंत रुग्ण. अमुक मंत्री, अमुक गायक आमच्याकडे औषध घेतात, म्हणून आम्ही उल्लेखनीय, हा युक्तिवाद फार वेळा केला जातो आणि प्रत्येक वेळी फेटाळला जातो. उल्लेखनीयता एकाकडून दुसऱ्याकडे संक्रमित होत नाही. चरकसंहितेच्या तिस्रैषणीय अध्यायात वैद्यांचे जे तीन प्रकार सांगितले आहेत त्यांतील ‘सिद्धसाधित’ हा प्रकार व्यवसायबंधूंनी या निमित्ताने पुन्हा वाचावा. धन, कीर्ती वा ज्ञान यांनी सिद्ध असलेल्यांच्या नावाचा आश्रय घेऊन, स्वतः तसे नसताना जे वैद्य म्हणवून घेतात, ते सिद्धसाधित.

याउलट कोणत्या नोंदी सहज टिकतात, हेही पाहण्याजोगे आहे. पनवेल येथे १८७२ साली स्थापन झालेली श्री धूतपापेश्वर ही संस्था, किंवा पी. एस. वारियर यांनी १९०२ साली स्थापिलेली कोट्टक्कल येथील आर्य वैद्य शाळा यांचा आयुर्वेदाच्या आधुनिक इतिहासात इतरांनी विचार केला आहे. वारियर यांच्या कार्यावर तर के. एन. पणिक्कर यांच्यासारख्या इतिहासकारानेही लिहिले आहे. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ मध्ये नाशिक येथे अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला, त्यांच्याविषयीही हेच म्हणता येईल. या नोंदींत एकही विशेषण घालावे लागत नाही.

निर्णय कसा होतो

मजकुरावर शंका आली की इंग्रजी आवृत्तीत तीन मार्ग असतात. उघड जाहिरात असल्यास कोणीही तशी खूण करतो आणि प्रचालक ते पान तत्काळ काढतो. वाद होण्याजोगे नसेल तर काढण्याचा प्रस्ताव पानावर लावला जातो आणि सात दिवसांत कोणी हरकत न घेतल्यास पान जाते. मतभेद संभवत असेल तर जाहीर चर्चा होते. तीही सर्वसाधारणपणे सात दिवस चालते. मराठी आवृत्तीत संपादकांची संख्या थोडी असल्याने हे सर्व अधिक सावकाश होते, ‘पानकाढा’ हा साचा लागलेले पान काही काळ तसेच राहू शकते. परंतु ते राहिले म्हणजे मान्य झाले असे नव्हे.

या चर्चेविषयी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, तेथे हात मोजले जात नाहीत. फार्मसीतील बारा कर्मचाऱ्यांनी बारा नवी खाती उघडून ‘पान ठेवावे’ असे लिहिले तरी त्याचा परिणाम उलटाच होतो. एकाच दिवशी उघडलेली, एकाच पानावर बोलणारी खाती लगेच ओळखू येतात. नियमांच्या आधाराने मांडलेला एक मुद्दा आणि सोबत दोन सकस संदर्भ यांचे वजन त्या बारांहून अधिक असते. दुसरी, निर्णय ‘ठेवा’ वा ‘काढा’ एवढाच नसतो. मजकूर दुसऱ्या नोंदीत विलीन करता येतो, किंवा मसुद्याच्या जागी परत पाठविता येतो. एखाद्या गावाच्या नोंदीत तेथील जुन्या रसशाळेविषयी दोन ओळी संदर्भासह जाणे, हे स्वतंत्र पानापेक्षा पुष्कळदा अधिक उचित असते.

ही व्यवस्था निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. चर्चा करणारे पुष्कळदा संगणकावर दोन मिनिटे शोधतात आणि काही सापडले नाही की विषय नगण्य ठरवितात. मराठी, कानडी वा गुजराती भाषेतील जुने मुद्रित लेखन अशा शोधात सापडतच नाही. याचा फटका खऱ्या अर्थाने महत्त्वाच्या, परंतु इंटरनेटपूर्व काळातील वैद्यांच्या नोंदींना बसतो. मात्र नियम येथे आपल्या बाजूचा आहे. संदर्भ इंग्रजीतच असावा अशी अट नाही आणि तो इंटरनेटवर असावा अशीही नाही. ग्रंथाचे नाव, प्रकाशक, वर्ष व पृष्ठांक, किंवा वृत्तपत्राची तारीख व पान दिले तर ग्रंथालयातील छापील मराठी पुस्तकही तितकेच ग्राह्य असते. संदर्भ अस्तित्वात आहेत काय, हे पाहावयाचे असते. ते आज पानावर जोडले आहेत काय, एवढेच नव्हे.

आणि याच ठिकाणी प्रचारकी पानांचा प्रश्न सर्व व्यवसायाचा होतो. ज्या संपादकाने महिनाभरात आयुर्वेद या विषयावरील दहा नवीन पाने पाहिली आणि दहाही औषधांच्या जाहिराती निघाल्या, तो अकरावे पान कोणत्या मनाने उघडील? ते अकरावे पान एखाद्या विस्मृत टीकाकाराचे वा एखाद्या दुर्मिळ हस्तलिखिताचे असू शकते. ‘आयुर्वेद’ या मुख्य नोंदीतील काही वर्णनांवर आपला तीव्र आक्षेप आहे. त्या नोंदीविरुद्ध आयुर्वेदीय औषधनिर्मात्यांच्या एका संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली असता ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला आणि ती नोंद अर्जदारांस संपादित करता येते, याकडे लक्ष वेधले. आता संपादन करावयाचे म्हणजे विश्वासार्ह संदर्भ देऊन, चर्चापानावर आपले म्हणणे नियमांच्या भाषेत मांडून करावयाचे. ज्या खात्यावरून काल स्वतःच्या तेलाची जाहिरात टाकली गेली, त्या खात्याने आज शास्त्राच्या वतीने मांडलेला युक्तिवाद कोण ऐकणार?

शुल्क घेणाऱ्यांविषयी

मोबदला घेऊन लिहिणे विकिपीडियावर सरसकट निषिद्ध नाही; ते लपविणे निषिद्ध आहे. जून २०१४ पासून वापराच्या अटींत असे नमूद आहे की जो मोबदला घेऊन लिहितो त्याने आपला मालक, ग्राहक व संबंध जाहीर केला पाहिजे. आमच्या पाहण्यात आलेल्या एकाही प्रस्तावात अशा जाहीर नोंदीचा उल्लेख नव्हता. उलट ‘कोणास कळणार नाही’ हेच वैशिष्ट्य म्हणून सांगितलेले होते.

पूर्वी काय घडले आहे ते पाहावे. २०१३ मध्ये इंग्रजी आवृत्तीत ‘विकी-पीआर’ या कंपनीशी संबंधित असल्याच्या संशयावरून २५० हून अधिक खाती बंद करण्यात आली आणि विकिमीडिया प्रतिष्ठानने त्या कंपनीस नोटीस बजावली. २०१५ मध्ये ‘ऑरेंजमूडी’ या नावाने ओळखले जाणारे प्रकरण उघडकीस आले. त्यात ३८१ खाती बंद झाली व २१० लेख काढले गेले. या दुसऱ्या प्रकरणाची कार्यपद्धती आपल्या फार्मसीचालकांनी नीट समजून घ्यावी. ज्यांचे मसुदे नाकारले गेले होते अशा लहान व्यावसायिकांना हे लोक हेरीत, पान प्रसिद्ध करून देण्यासाठी पैसे घेत आणि पुढे ‘पान काढले जाऊ नये’ म्हणून संरक्षणाचे पैसे मागत. रोगी कोठे आहे हे ऐकताच धावून जाणारे आणि त्याच्या कानी पडेल अशा बेताने स्वतःचे गुण मोठ्याने सांगणारे रोगाभिसर सूत्रस्थानाच्या एकोणतिसाव्या अध्यायात वर्णिलेले आहेत. ते केवळ वैद्यकातच असतात असे नाही.

पैसे देऊनही जे मिळते त्याचे स्वरूप असे : पान काढले गेले तरी ते का काढले याची चर्चा तेथे सर्वांस वाचता येईल अशी राहते आणि तीत आपल्या संस्थेचे नाव असते. तेच पान थोड्या फरकाने पुन्हा टाकल्यास चर्चेविना जाते. वारंवार टाकल्यास ते शीर्षकच बंद केले जाते, म्हणजे पुढे संस्था खरोखर पात्र झाली तरी वाट अवघड होते. पानावरून आपल्या संकेतस्थळास दिलेल्या दुव्यामुळे शोधयंत्रात वरचा क्रमांक मिळतो, असेही सांगतात. परंतु इंग्रजी विकिपीडियाने २००७ सालापासून बाहेरच्या दुव्यांवर अशी खूण ठेवली आहे की त्यांच्या आधारे क्रमांक वाढवू नये. आणि पान टिकलेच, तर ते आपले राहत नाही. उद्या परवाना निलंबित झाल्याची वा नमुना अप्रमाणित ठरल्याची बातमी एखाद्या मोठ्या वृत्तपत्रात आली, तर कोणीही ती संदर्भासह तेथे घालू शकतो आणि ती काढण्याचा अधिकार आपल्यास नसतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू यांसह ५४ रोगस्थिती आहेत आणि त्यांवरील औषधाच्या गुणाची जाहिरात करण्यास मनाई आहे. त्या कायद्यातील ‘जाहिरात’ या शब्दाची व्याख्या वेष्टन, परिपत्रक, इतकेच नव्हे तर प्रकाश, ध्वनी वा धूर यांच्या योगे केलेली घोषणा, एवढी व्यापक आहे. वर दिलेल्या कल्पित मजकुरातील मधुमेहाचे वाक्य शुल्क देऊन लिहवून घेणाऱ्याने ‘ते विश्वकोशातील आहे’ या सबबीवर विसंबू नये. शिवाय विकिपीडियात औषधी गुणांविषयीच्या विधानांस अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणारे लेखन लागते. एका चिकित्सालयातील चाळीस रुग्णांचा अनुभव, तो कितीही प्रामाणिक असला तरी, तेथे चालत नाही.

ज्यांच्या संस्थेविषयी आधीच नोंद आहे आणि तीत चूक आहे, त्यांनी काय करावे, असाही प्रश्न आला आहे. नोंदीस स्वतः हात लावू नये. खाते उघडून सदस्यपानावर आपला संबंध एका वाक्यात लिहावा. नंतर त्या नोंदीच्या चर्चापानावर कोणते वाक्य चुकले आहे, त्याऐवजी काय असावे आणि त्यास छापील आधार कोणता, हे क्रमाने मांडावे. स्थापनेचे वर्ष, संस्थापकाचे नाव, गावाचे नाव अशा चुका संदर्भ योग्य असल्यास दुरुस्त होतात. मात्र दुरुस्ती करणारे स्वयंसेवक असल्याने काही दिवस, क्वचित काही आठवडे थांबावे लागते. आणि ज्या सभासदांपाशी जुन्या वैद्यांची चरित्रे, संमेलनांचे अहवाल, बंद पडलेल्या मराठी वैद्यक मासिकांचे अंक आहेत, त्यांनी त्यांची यादी वर्ष, प्रकाशक व पृष्ठसंख्या यांसह संघटनेच्या कार्यालयाकडे पाठवावी. औषधी वनस्पतींची स्वतः काढलेली छायाचित्रे असल्यास सोबत लॅटिन नाव, ठिकाण व महिना लिहावा. बाजारातील पुडीचे छायाचित्र पाठवू नये.